उसवलेल्या टाक्यांच्या खुणा

जळगावात थंडी पडली की पहिले एक-दोन दिवस ओळखीची माणसंही परकी वाटतात. आठ महिने ज्याला सदऱ्यात नाहीतर बंडीत पाहिलं, तो एका सकाळी काळा कोट घालून समोरून येतो आणि त्याचा चेहरा शोधावा लागतो. कोट पेटीतून नुकताच निघालेला असतो. पाठीवर घडीची आडवी रेघ, अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास. जिनिंगच्या रस्त्यानं आलेला असेल तर खांद्यांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले असतात. माणूस ते झटकतो आणि मी नकळत पाहत राहते. झटकताना बाही किती वर चढली, बगलेत कोट ओढतो का, खालचं बटण मुद्दाम उघडं ठेवलंय की तुटलंय.

ही पाहायची खोड मला घरातूनच लागली. पूर्वी तिच्यात नुसतं कौतुक होतं. पाच हिवाळ्यांपूर्वी तिच्यात संशय शिरला आणि तो अजून पुरता निघालेला नाही. यंदा दिवाळी सरते न सरते तोच हवा बोचू लागली. काल शाळेतून येताना तीन माणसं कोटात दिसली आणि तिघांच्याही खांद्यांकडे माझी नजर आधी गेली. म्हणून हे लिहायला बसले.

माझे वडील कोटाचे शिंपी. सगळा बाजार त्यांना आबा म्हणतो, आम्हीही आबाच म्हणतो. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आणि दुकानाच्या मागे दोन खोल्यांचं घर. सदरे-पायजमेही ते शिवत, पण जीव कोटात. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की आबा आधी माप घेत नसत. "जरा त्या कोपऱ्यापर्यंत चालून या," म्हणत. माणूस चालायचा, आबा बघायचे. कोणाचा उजवा खांदा खाली, कोण पोट पुढे काढून उभा राहतो, कोण हात मागे बांधतो. मग टेप काढायचे. मापाच्या वहीत आकड्यांशेजारी त्यांच्या बारीक अक्षरात शेरे असत: 'डावा खांदा अर्धा इंच उतरता', 'मान पुढे', 'वकील, कागद फार बाळगतो'.

चांगला कोट कसा ओळखायचा हे मी त्यांच्याकडून शिकले. छातीच्या आत जो कॅनव्हास घालतात तो आबा आदल्या दिवशी पाण्यात बुडवून वाळवत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तो आकसतो आणि छातीवर फुगा येतो. कॉलरच्या खालचं कापड तिरपं कापलेलं हवं, तरच ती मानेभोवती वळते. बाहीचा घेर बगलेच्या घेरापेक्षा थोडा जास्त असतो आणि तो जास्तीचा भाग एकही चुणी न दिसू देता खांद्यात जिरवायचा असतो. त्या एका कामाला आबांना अर्धा दिवस लागे. बाही बसली की ते कोट हातावर टांगून खिडकीपाशी नेत आणि लहान मूल न्याहाळावं तसे तिच्याकडे बघत.

माझं काम काजांचं. रेशमाचा दोरा मेणावरून ओढायचा, काज चिरायचं, त्याच्या एका टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं गोल भोक ठेवायचं, म्हणजे बटणाचा दोरा तिथे विसावतो आणि कोट पुढून ओढल्यासारखा दिसत नाही. एवढ्याशा भोकासाठी किती विचार केलाय कोणीतरी, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं. व्यापारी लोक डाव्या अस्तरात चोरखिसा मागत. तो असा शिवायचा की मालकाच्या बोटांना अंधारातही सापडावा आणि दुसऱ्याला उजेडातही दिसू नये. मास्तरांच्या कोटाची उजवी बाही फळ्याला घासून मनगटाशी विरते. रावेरकडच्या माणसाच्या कोटावर केळीच्या चिकाचे काळे डाग असतात आणि ते कशानंही जात नाहीत. माणूस काही न बोलता उभा असला तरी कोट बोलत असतो, अशी माझी एकोणिसाव्या वर्षी ठाम समजूत होती. त्या समजुतीचा मला फार अभिमान होता.

बेचाळीसचा हिवाळा आला तेव्हा आमच्या घरात एक माणूस कमी होता. मधू, माझा दोन वर्षांनी मोठा भाऊ. पावसाळ्यात स्टेशनापलीकडे तारा तोडल्या गेल्या, त्यात त्याचं नाव आलं आणि तो घरातून गेला. विचारेल त्याला आम्ही सांगत होतो की मधू मुंबईला गिरणीत लागलाय. खरं म्हणजे तो पहूरला दौलतमामांच्या शेतातल्या खोपटात होता. दौलतमामा आईचे सख्खे भाऊ. कापसाची गाडी घेऊन ते जळगावला जिनिंगवर येत आणि जाताना दुकानात डोकावत. आबांशी थंडी-पाण्याचं बोलत. त्यातच मधूची खुशाली असे.

त्या हिवाळ्यात बोलणंच बदललं होतं. चहाच्या दुकानात नवा माणूस टेकला की आधीच्या चौघांना एकदम कामं आठवत. पोस्टमन पत्र देऊन क्षणभर जास्त थांबला तर आई त्याच्या पाठीकडे बघत राहायची. शेजारच्या काकू मीठ मागायला आल्या आणि "मधूचं पत्र आलं का गं?" म्हणाल्या, तर मी मीठ देताना विचार करत होते, हिला कोणी विचारायला सांगितलं असेल.

त्यातच फौजदारांनी आबांना कोट शिवायला दिला. खाकी लोकरीचं कापड घेऊन शिपाई आला. आबांनी कापड हातात घेतलं, घडी उलटीसुलटी केली आणि "दहा दिवसांनी ट्रायलला या म्हणावं साहेबांना," म्हणाले. शिपाई गेल्यावर मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही म्हटलं असतं तर का नाही म्हणतो, हे शोधायला लागले असते," आबा म्हणाले. "काम आहे. काम कर."

तर तो कोट कच्च्या टाक्यांत दुकानाच्या दर्शनी खुंटीवर टांगलेला असायचा. सरकारी कोटाची पितळी बटणं दोऱ्यानं शिवत नाहीत. त्यांच्या मागे कडी असते. कापडाला गोल छिद्र पाडून, ते दोऱ्यानं काठाकाठानं बांधून, त्यातून कडी आत काढायची आणि अस्तराच्या बाजूनं पिन घालायची, म्हणजे धुण्याच्या वेळी बटणं काढता येतात. ती छिद्रं मीच बांधली. खांद्यावरच्या पट्ट्याही मीच टाचल्या. हे सांगायचं कारण पुढे येतंच.

सोमवारी एक माणूस दुकानात आला. उंच, चाळिशीचा, मिशा कापलेल्या पण ओठांवरची कातडी अजून फिकट. पूर्वी तिथे भरघोस मिशा असाव्यात. अंगावर जाड काळा कोट. कोट उतरवून त्यानं आबांपुढे ठेवला. अस्तर बगलेपासून खाली फाटलं होतं.

"अस्तर बदलनं शे," तो म्हणाला. धुळ्याकडची अहिराणी. आबांनी नाव विचारलं, त्यानं 'हिलाल' सांगितलं. गाव धुळ्याजवळ. जळगावात कुठे उतरलात, तर धर्मशाळेत.

आबा वहीत लिहीत होते. त्याची नजर दुकानभर फिरत होती. फौजदारांच्या कोटावर ती थांबली, तिथून माझ्याकडे आली आणि पुन्हा कोटावर गेली. मग त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्हना पोऱ्या दुकानमा दिसत नई?"

"मुंबईला असतो. गिरणीत," आबा म्हणाले. त्यांचा हात लिहिताना थांबला नाही.

"हं," तो म्हणाला आणि गेला.

दुपारी मी अस्तर उसवायला घेतलं. अस्तर निघालं आणि कोटाचं आतलं अंग उघडं पडलं. बाहेरून काळा असलेला तो कोट शिवणीच्या आत खाकी होता. कॉलर उलटून पाहिली, तिच्या घडीतही रंग पोचला नव्हता. मी कोट खिडकीपाशी नेला. पुढच्या बाजूला शिंगाची साधी बटणं होती, पण प्रत्येक बटणाखाली एक गोल, बांधलेलं छिद्र होतं. कडीच्या बटणाचं. मग मी खांदे पाहिले. बाहीच्या शिवणीपाशी दोन्ही बाजूंना सुईच्या भोकांची एक-एक ओळ होती, दोन बोटं रुंद. तिथे पट्ट्या होत्या. कोणीतरी त्या उसवून काढल्या होत्या.

मी घाबरले, आणि त्याच वेळी, हे कबूल करायलाच हवं, थोडा आनंदही झाला. मी ओळखलं होतं. एवढा मोठा पोलिसातला माणूस साधा वेश करून आला आणि शिंप्याच्या मुलीनं त्याला त्याच्याच कोटावरून पकडलं.

मी आबांना आत बोलावून दाखवलं. त्यांनी बोटानं ती भोकं चाचपली. 

"आईला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

बुधवारी तो परत आला. कोट झाला का विचारलं. आबांनी शुक्रवार सांगितला. तरी तो गेला नाही. बाकावर कापड घेऊन आलेले एक व्यापारी बसले होते, ते उठेपर्यंत हा दाराशी उभा राहिला. मग आत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पहूरले तुम्हनं कोनी शे का?"

आबांच्या हातातली कात्री कापडातच राहिली. मी पडद्यामागे होते. 

"नाही," आबा म्हणाले. "आमचं तिकडे कोणी नाही."

हिलालनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या खाकी कोटाकडे. काहीतरी बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि तो निघून गेला. तेव्हा मला वाटलं, आबांचं खोटं त्यानं बरोबर हेरलं.

मधूला तिथून हलवायचं आधीच ठरलं होतं. शनिवारी दौलतमामांच्या कापसाच्या गाडीतून त्यानं जळगावला यायचं, इथून धुळ्याला आणि तिथून आग्रा रस्त्यानं इंदूरकडे निघून जायचं. तिकडे होळकरांचं राज्य होतं, इंग्रजांच्या पोलिसांचा हात तिथे सहजी पोचत नसे. पण आता घरावर पाळत होती. मधू जळगावात आला असता तर सरळ सापळ्यात आला असता. पहूरचं नाव त्यानं काढलं होतं खरं, पण ठिकाण पक्कं माहीत असतं तर तो आम्हाला विचारत बसला नसता, असं आम्हाला वाटलं. गुरुवारी मामा गाडी घेऊन आले तेव्हा आबांनी आणि मी मिळून एकच गोष्ट ठरवली. मी चिठ्ठी लिहिली: 'हलू नकोस. आहेस तिथेच राहा. इथे पाळत आहे.' मामांच्या जाकिटाची कॉलर उसवली, चिठ्ठी आत घातली आणि वरून असे टाके घातले की मलाही ते पुन्हा सापडले नसते.

"मले तोंडी सांगितलं असतं तं चाललं नसतं का?" मामा हसून म्हणाले.

"रस्त्यात कोणी काही विचारलं तर तुम्हाला काहीच माहीत नसलेलं बरं," मी म्हणाले. मी त्यांच्यावरही पुरता विश्वास ठेवत नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते हसायचे थांबले.

शुक्रवारी हिलाल कोट न्यायला आला. आबांनी तो त्याच्या अंगावर चढवला, पाठीवरून हात फिरवून सारखा केला. हातातल्या कामाशी ते कधी खोटं वागत नसत. कोट त्याला नेटका बसला. त्यानं बटणं लावली, दाराकडे गेला, वळला. दुकानात तेव्हा दोघे-तिघे होते.

"थंडी वाढी ऱ्हायनी," तो म्हणाला. "वावरमा कोनी ऱ्हात व्हई तं त्याले घर बलाई ल्या."

शेतात कोणी राहत असेल तर घरी बोलावून घ्या. आबांचा चेहरा पांढरा झाला. मी ते ऐकलं आणि मला त्यात फक्त धमकी ऐकू आली. मला ठाऊक आहे, असं तो तोंडावर सांगून गेला होता. मामा परत गेले होते, आणि आमच्यापैकी कोणी पहूरची वाट धरली असती तर पाळतच मागोमाग तिथे नेली असती.

त्या संध्याकाळी जे झालं ते मी केलं. आबांनी नाही. विहिरीवर माझी मैत्रीण भेटली. तिचा भाऊ मधूच्या बरोबरीचा, त्याच्याच विचारांचा. मी तिला सांगितलं, "धर्मशाळेत धुळ्याकडचा एक उंच माणूस उतरलाय. काळा कोट. तो पोलिसांचा खबऱ्या आहे. मी स्वतः पाहिलंय."

"कशावरून?" तिनं विचारलं.

"कोटावरून," मी म्हणाले.

तिनं आणखी काही विचारलं नाही. शनिवारी सकाळी मोटारअड्ड्यावर धुळ्याच्या गाडीची वाट बघत असलेल्या हिलालला आठ-दहा पोरांनी घेरलं आणि मारलं. लोक सोडवायला गेले नाहीत. खबऱ्या आहे म्हटल्यावर कोण जाणार. तो उठला, गाडीत चढला आणि गेला, एवढं मला कळलं. मला वाईट वाटलं नाही.

मंगळवारी पहूरला पोलीस आले. मामांनी पुढे कितीदा तरी ते सांगितलं. सकाळचं ऊन होतं. मधूनं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजायला टाकली होती. वांगी जळू नयेत म्हणून तो वाकून ती उलटत होता. उभा राहिला तेव्हा चौघे जण चारी बाजूंना होते. त्याच्या खिशात माझी चिठ्ठी सापडली. तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं, म्हणून आम्ही वाचलो. आणि तीच वाचून तो तिथे थांबला होता.

आम्हाला मग कशाचीच शंका उरली नाही. हिलालनंच पकडून दिलं. माझी मैत्रीण म्हणाली, "तू ओळखलंस म्हणून निदान त्याला प्रसाद तरी मिळाला." आईला मात्र तेवढ्यानं पुरेना. तिनं हळूहळू सगळ्यांवर संशय घेतला. शेजारच्या काकूंवर, मग मामांच्या गड्यावर, शेवटी सख्ख्या भावावर. मामांनी जळगावला येणं बंद केलं. आबांनी फौजदारांचा कोट पूर्ण करून दिला. एकही टाका कमी घातला नाही. त्यानंतर वर्षभर त्यांनी कोट कापायला घेतला नाही, नुसते सदरे शिवले.

मधू दोन वर्षांनी सुटला. पोलीस ठाण्यात मार खाऊन त्याचा डावा कान बहिरा झाला होता. घरात आला, आईच्या पाया पडला आणि उभाच राहिला, कुठे बसावं ते न कळल्यासारखा.  आबांनी गळ्यातला टेप काढून त्याच्या छातीभोवती लावला आणि आकडा वाचला. मग पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला. चार इंच कमी होती. आबांनी टेप गुंडाळला आणि तोंड भिंतीकडे करून बराच वेळ कात्री पुसत राहिले.

गेल्या हिवाळ्यात मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी धुळ्याला होते. एका दुपारी पांझरा नदीच्या काठच्या बाजारात भुईमुगाच्या शेंगा घ्यायला गेले. पोत्यांमागे एक माणूस बसला होता. चेहऱ्याकडे माझं लक्ष नव्हतं. मी कोट पाहिला. काळा रंग उडून तपकिरी झालेला, कॉलरच्या काठाशी खाकी डोकावणारा. अस्तर माझ्या हातचं.

मग मी आणखी एक पाहिलं. कोटाच्या उजव्या बगलेत वापरानं पडतात तशा चुण्या होत्या. डावीकडे एकही नव्हती. बाही खांद्यापासून सरळ, कोरी, इस्त्री केल्यासारखी खाली लोंबत होती. ज्या बाहीतला हात कधी वर जातच नाही, तिला चुण्या पडत नाहीत. तो उजव्याच हातानं शेंगा भरत होता, उजव्याच हातानं तराजू धरत होता. हे मला कोणी सांगावं लागलं नाही. मी ते कोटावर वाचलं.

तो वर बघून म्हणाला, "शिंप्यानी आंडेर ना तू?"

मी पळून जाऊ शकले असते. गेले नाही. "हो, शिंप्याचीच मुलगी," म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, एकदम बोलून गेले, "धर्मशाळेतला माणूस खबऱ्या आहे असं मीच सांगितलं होतं."

त्यानं तराजू खाली ठेवला.

जामनेरच्या ठाण्यावर तो हवालदार होता. ऑगस्टनंतर पोरांना मारायची कामं आली, ती त्याच्यानं होईनात. दिवाळीनंतर राजीनामा दिला. खात्यानं जुने म्हणून टाकून दिलेले कोट पोलिसांना मिळत, त्यातला एक त्याच्याकडे होता. दुसरा गरम कपडा नव्हता, म्हणून पट्ट्या उसवून काढल्या आणि काळा रंगवला. निघायच्या आठवड्यात त्याच्या कानावर आलं होतं की जळगावच्या शिंप्याचा मुलगा पहूरच्या शेतात आहे अशी खबर कोणीतरी दिली आहे आणि आठ-दहा दिवसांत धाड पडणार आहे.

"मी सांगालेच उनथू," तो म्हणाला. "पन तुम्हना दुकानमा फौजदारना कोट टांगेल. मी म्हनं, हाऊ मानूस बी त्यासनाच शे. सांगं तं मालेच धरतीन. बाकवर बी कोनी ना कोनी बठेल. मंग जाता जाता जेवढं सांगता उनं तेवढं सांगं."

वावरात कोणी राहत असेल तर घरी बोलावून घ्या. सांगायलाच आला होता तो, आणि खुंटीवरच्या कोटाला भिऊन तेवढंच त्याला सांगता आलं होतं.

मी तिथे उभी होते, आजूबाजूला बाजार चालू होता, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हा खरं सांगतोय कशावरून? चार वर्षांनंतर, त्याचा तो हात समोर दिसत असताना, मला हाच प्रश्न पडला. राजीनाम्याचा कागद दाखव म्हणावं, असंही क्षणभर वाटलं. त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं मान खाली घातली आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या शेंगा मोजायला घेतल्या. मला त्या दिवसाइतकी माझी लाज कधी वाटलेली नाही.

त्या रात्री मी मधूला पत्र लिहायला बसले आणि फाडलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा त्याच्या उजव्या बाजूला बसून, चांगल्या कानाशी, सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, विहिरीवरचं, मोटारअड्ड्याचं, बाजारातलं. 

"तो खोटंही बोलत असेल," शेवटी मी म्हणाले. हे म्हणायला नको होतं, पण म्हणाले.

मधूनं माझ्याकडे पाहिलं. "मला धरायला आलेल्यांत एक जण दुसऱ्याला म्हणत होता, घाई करा म्हणून कधीचं सांगतोय, दहा-बारा दिवस झाले खबर येऊन. एवढंच मी ऐकलंय. दिवस तू मोज."

मी मोजले. मंगळवारच्या मागे दहा-बारा दिवस. तेव्हा हिलाल आमच्या दुकानाची पायरीही चढला नव्हता. खबर आमच्या दुकानातून गेलीच नव्हती. पण तेवढ्यानं हिलाल सुटतो असंही नाही, असं माझं मन लगेच म्हणालं. खबर देणारा तोच असू शकत होता. मन थांबत नाही.

मधू पुढच्या रविवारी धुळ्याला जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. "भला माणूस आहे," म्हणाला. "घर पांझरेपलीकडे आहे. तू जाऊन ये. पण तपासायला जाणार असशील तर जाऊ नकोस."

गेले कित्येक महिने मी जात नव्हते. ट्रेनिंग संपलं, शाळेत नोकरी लागली, कारणं मिळत गेली. आबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी त्या कोटाच्या पाठीवरून हात फिरवून तो सारखा केला होता, आणि तो ज्याच्या अंगावर होता त्याला दुसऱ्या सकाळी काय झालं हे त्यांना बाजारातून कळलं तेव्हा ते जेवले नव्हते. त्यांना तेव्हाच काही कळलं होतं की काय, कोण जाणे.

या आठवड्यात शाळेला दोन दिवस सुट्टी होती. मी गेले. दुपारची वेळ. मातीचं घर, दाराला तरट. हाक मारली तर हिलालभाऊंची बायको बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. ती नजर मला चांगली ठाऊक होती. पाच वर्षं मी तीच वापरत होते.

"कोन तुम्ही? कोनी धाडं?"

"मी जळगावच्या शिंप्याची मुलगी. इंदू," मी म्हणाले. "कोणी पाठवलं नाही. हिलालभाऊंना मोटारअड्ड्यावर मार बसला तो माझ्यामुळे. ते सांगायला आले."

 तिच्या हाताला पीठ लागलं होतं, ते ती एका हातानं दुसऱ्या हातावरून काढत राहिली. त्या माराच्या जखमा तिनंच धुतल्या असणार. निखळलेला खांदा बसवायला तिनंच कोणाला तरी बोलावलं असणार. मग ती वळली आणि तरट खाली सोडून आत गेली.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आत जावं की परत फिरावं, कळेना. आतून कुणाचं बोलणं येत नव्हतं. ती आता बाहेर येऊन काय म्हणेल, याचा अंदाज बांधायचा नाही असं मी मनाशी ठरवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बांधला नाही.

थोड्या वेळानं आत जमिनीवरून पाट दाराच्या दिशेनं सरकवल्याचा आवाज आला.